यंत्रावरची पांढरी छत्री

मी एक जुनी छत्री आहे. पण मित्रांनो, घाई करू नका. छत्री म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे लगेच पाऊस आणि चिखल उभा राहतो, शाळेच्या दाराशी ठिबकत ठेवलेल्या छत्र्यांची रांग उभी राहते. मी तसली नाही. उभ्या आयुष्यात मी कधी पावसात गेले नाही. आभाळातून थेंब पडायला लागले की माणसं आधी मला मिटायची आणि "छत्री भिजेल, छत्री भिजेल!" असं ओरडत आत न्यायची. ती स्वतः मात्र चिंब भिजायची. आता याला काय म्हणावं! मी उन्हातली छत्री आहे, आणि तीही माणसांसाठी केलेली नाही. मी एका यंत्राची छत्री आहे.

सध्या माझा मुक्काम जमीन मोजणीच्या एका जुन्या कचेरीत आहे. वरच्या मजल्यावर लांब बोळ आहे, त्या बोळात काचेचं कपाट आहे आणि कपाटात ते यंत्र बसलं आहे. त्याचं पितळ अजून चकाकतं. त्याच्यापुढे पाटी आहे, पाटीवर त्याची सगळी माहिती आहे. माझ्यापुढे पाटी नाही. वाऱ्याने खिडकी आपटू नये म्हणून मला तिच्या फटीत अडकवून ठेवलेलं असतं. तक्रार नाही. खिडकीतून उजेड येतो आणि लांबवर डोंगरांची एक रांगही दिसते. त्या रांगेतल्या एका डोंगरामुळेच तर मी तुम्हाला माझी कहाणी सांगायला बसले आहे.

मला ज्याने घडवलं तो कारागीर एका अरुंद गल्लीत, पायरीवर बसून काम करायचा. त्याने माझा दांडा चांगल्या जाड लाकडाचा केला आणि काड्या वेताच्या केल्या. बाहेरून पांढरंशुभ्र जाड कापड लावलं आणि आतून गडद हिरवं अस्तर. दांड्याच्या टोकाला जमिनीत रोवायला लोखंडी अणी बसवली. मग मला उघडून त्याने शेजाऱ्याला हाक मारली. "बघा हो, सरकारी छत्री! हिच्याखाली मोठी मोठी माणसं उभी राहणार." हे ऐकून मी अशी हुरळून गेले की काही विचारू नका.

मग बैलगाडीतून हिंदकळत मी मोजणीच्या तळावर पोचले. त्या काळी देशावर परक्यांचं राज्य होतं. कुठे किती जमीन, कुठे डोंगर, कुठे ओढा, हे सगळं कागदावर आणायचा त्यांनी चंगच बांधला होता. त्यासाठी त्यांनी खातं उभारलं होतं, आणि खात्यात आपल्याच लोकांतले काही मोजणीदार नेमले होते. त्यातल्या एकाच्या हाती मी आले. त्याने मला उघडलं, आभाळाकडे बघून सूर्य कुठे आहे ते पाहिलं आणि मला तीन पायांवर उभ्या असलेल्या त्या पितळी यंत्रावर धरलं. मला वाटलं, सावली नीट पडते का ते पाहत असेल, आता येईल खाली. पण तो आला नाही. तो स्वतः भर उन्हात उभा राहिला आणि यंत्राच्या दुर्बिणीसारख्या नळीला डोळा लावून राहिला. माझ्या नाकाला मिरच्याच झोंबल्या. एवढी नटून थटून आले, ती या पितळेच्या ठोकळ्यावर सावली धरायला?

यामागचं कारण मला पुढे कळलं, तेही तुम्हाला सांगते. त्या यंत्रावर आणखी एक छोटी काचेची नळी असते. नळीत पाण्यासारखा द्रव आणि त्यात एक छोटा बुडबुडा. बुडबुडा बरोबर मधोमध असला म्हणजे यंत्र सपाटीत आहे असं समजायचं. आता हा बुडबुडा मोठा नाजूक. उन्हाची तिरीप एका बाजूने लागली की तो गुपचूप त्या उबेकडे सरकतो. इथे तो केसभर सरकला तर तिकडे लांब कोणाचं तरी शेत शेजाऱ्याच्या घशात जातं. म्हणून सावली यंत्रावर. माणसाचं काय, माणूस उन्हात उभा राहू शकतो.

या मोजणीदाराला सगळे "काटकोन" म्हणायचे. कारण तो चालताना, बसताना, अगदी जेवतानाही ताठ असायचा. हे नाव त्याला ठाऊक होतं आणि ते त्याला मनातून आवडायचं. तो अंगाने किरकोळ होता, उन्हाने काळवंडलेला. पण डोंगर चढायला लागला की बरोबरच्या धडधाकट माणसांची दमछाक व्हायची. यंत्र डोक्यावरून वाहून न्यायला माणसं होती. तरी अवघड जागा आली की तो ते त्यांच्याकडून काढून घ्यायचा आणि तान्ह्या पोरासारखं छातीशी धरून वर न्यायचा.

त्याची कामाची तऱ्हाच वेगळी होती. उभ्या पिकातून सरळ गेलं तर काम निम्म्या वेळात उरकलं असतं, पण तो कधी पीक तुडवू द्यायचा नाही. बांधाबांधाने वळसा घालायचा आणि दुप्पट मोजायचा. "सरळ रेषा कागदावर काढायची. पायांनी कशाला?" असं म्हणायचा. ओढा लागला, टेकडी लागली, की थांबून जवळपासच्या माणसाला तिचं नाव विचारायचा. नुसतं विचारायचा नाही, तीन-चार जणांना वेगवेगळं गाठून विचारायचा. कागदावर नाव लिहायचं ते तिथे राहणाऱ्यांच्या तोंडचं, आपल्या मनचं नव्हे, हा त्याचा नियम होता. या नियमापायी एकदा एका ओढ्याच्या नावावरून दोन सासवांचं कडाक्याचं भांडण जुंपलं आणि आमचा काटकोन मध्ये अडकला. मी वाऱ्याने फडफडले असं सगळ्यांना वाटलं. खरं तर मी हसत होते.

गावोगावची माणसं आधी आम्हाला बघून बिचकायची. मोजणी म्हणजे शेतसारा वाढणार, एवढंच त्यांना ठाऊक. काटकोन त्यांना खोटी आशा दाखवायचा नाही. पण काम संपलं की तो त्यांना नळीतून बघू द्यायचा. त्या यंत्रातून सगळं उलटं दिसायचं, आभाळ खाली आणि झाडं वर. एका बाईने आपल्या नवऱ्याला डोकं खाली, पाय वर असं पाहिलं आणि ती पोट धरून हसत खालीच बसली. एका म्हातारीने मात्र बराच वेळ डोळा लावून पाहिलं आणि ती शांतपणे म्हणाली, "जग उलटं झालंय हे मी कधीची सांगतेय. घरात कोणी ऐकतच नाही."

मला धरायला एक स्वतंत्र माणूस होता. आडदांड, उंच, मोठ्या मोठ्या हातांचा. त्याचं नाव पडलं होतं "खांब". डोंगरमाथ्यावर सगळा खडक, तिथे माझी अणी रुतायची नाही आणि वारा तर असा की मला घेऊनच उडेल. तेव्हा खांब मला दोन्ही हातांनी धरून उभा राहायचा. सूर्य सरकेल तसा तोही सरकायचा, न बोलता, न सांगता. यंत्रावरची सावली त्याने कधी ढळू दिली नाही. मान वर करून त्याने घाम पुसलेलाही मला आठवत नाही. आणि बरं का, माझ्या इतक्या जवळ उभा राहूनही तो कधी माझ्या सावलीत आला नाही. काटकोनाला तो "दादा" म्हणायचा. वयाने तोच थोडा मोठा होता, पण मान द्यायचा तो मनापासून.

मोजणीचा मोसम संपून पावसाळा लागला की आम्ही काटकोनाच्या घरी यायचो. दोन खोल्यांचं सरकारी घर, पुढे अरुंद ओसरी. त्याची बायको तोंडाची फटकळ आणि मनाची मऊ. यंत्राची पेटी आत ठेवताना ती हमखास म्हणायची, "आली का माझी सवत? ठेवा, ठेवा, नीट ठेवा. तिला ऊन लागायला नको. घरचा माणूस वाळून कोळ झाला तरी चालेल." काटकोन हसायचा. मग ती माझं कापड उलगडून बघायची, कुठे उसवलं असेल तिथे बारीक टाका घालायची आणि पुटपुटायची, "तूही त्यातलीच. एकदा तरी ह्यांच्या डोक्यावर जा की गं."

त्या घराच्या पुढच्या खोलीत, दारासमोरच्या भिंतीवर एक खिळा होता. नुसता खिळा, त्यावर काहीच टांगलेलं नव्हतं. पाहुणे विचारायचे आणि बायको उत्तर द्यायची, "ह्यांचा नकाशा यायचाय. तो तिथे लागणार."

त्याचं असं झालं होतं. छापलेल्या नकाशाच्या खालच्या कोपऱ्यात मोजणी करणाऱ्याचं नाव बारीक अक्षरात घालायची पद्धत होती. आजवर त्या कोपऱ्यात नाव आलं ते फक्त गोऱ्या साहेबांचं. डोंगर चढायचे आमचे लोक, आणि कोपऱ्यात नाव साहेबाचं. काटकोन त्याबद्दल कधी कुरकुरला नाही, पण प्रत्येक नवा नकाशा आला की त्याची नजर आधी त्या कोपऱ्याकडे जायची, हे मी पाहिलं आहे. शेवटी एका मोसमाच्या सुरुवातीला त्याच्यावरचा साहेब स्वतःहून म्हणाला, "मोजणीदार, हा पूर्ण तुकडा तुम्ही एकट्याने मोजा. पावसाच्या आत सगळे त्रिकोण जुळवून द्या. दिलेत, तर कोपऱ्यात नाव तुमचं." साहेब वाईट नव्हता. उतावळा होता, पण शब्दाचा पक्का होता.

तो खिळा बायकोने त्याच दिवशी ठोकला होता.

आता त्रिकोण जुळवणं म्हणजे काय, हे तुम्ही शाळेत शिकला असाल. त्रिकोणाच्या तीन कोनांची बेरीज दोन काटकोनांइतकी होते. मोजणीदार तीन डोंगर निवडतो. प्रत्येक डोंगरावर चढून बाकीच्या दोन डोंगरांकडे यंत्र रोखतो आणि तिथला कोन मोजतो. तिन्ही कोन मोजून बेरीज नीट आली, तर समजायचं की कुठे चूक नाही. लांबचा डोंगर नळीतून अचूक सापडावा म्हणून त्याच्या माथ्यावर एक माणूस आरसा घेऊन बसतो आणि सूर्याचा कवडसा आमच्याकडे पाठवतो. तो ठिपका चमकला की काम सुरू.

तो सबंध मोसम आम्ही डोंगरामागून डोंगर चढलो. त्रिकोणाला त्रिकोण जुळत गेला. शेवटी राहिला एकच त्रिकोण, आणि त्याचेही दोन डोंगर झाले होते. उरला तो शेवटचा डोंगर. बोडका, उघडा, माथ्यावर झाडाचं पान नाही. त्याला नावसुद्धा नव्हतं.

आम्ही वर जाऊन बसलो आणि हवा धुरकट झाली. धुळीने असं भरून आलं की समोरचे डोंगर दिसेनात. दिवसांमागून दिवस गेले. क्षितिजावर पावसाचे ढग जमायला लागले. साहेबाचा तळ पायथ्याशी होता, तिथून निरोप आला की आता आवरा. काटकोनाने सामान आणि तंबू माणसांबरोबर खाली पाठवून दिले आणि सांगितलं, "एक सकाळ अजून बघतो. संध्याकाळी यंत्र न्यायला या." वर राहिलो आम्ही चौघं. काटकोन, खांब, यंत्र आणि मी.

आणि त्या सकाळी हवा धुतल्यासारखी स्वच्छ झाली. समोरच्या एका डोंगरावर कवडसा चमकला, पाठोपाठ दुसऱ्यावरही. काटकोनाचा चेहरा असा उजळला की तो पोरवयात कसा दिसत असेल ते मला कळलं. "खांबा, धर!" तो म्हणाला. खांबाने मला उघडून यंत्रावर धरलं. काटकोनाने बुडबुडा मधोमध आणला, श्वास रोखला आणि नळीला डोळा लावला.

मला मात्र काहीतरी वेगळं जाणवत होतं. माझ्या दांड्यावर खांबाचे हात होते आणि ते निखाऱ्यासारखे तापले होते. त्याच्या अंगात ताप होता. रात्रीपासूनच असणार. पण तो बोलला नव्हता. बोलला असता तर काम थांबलं असतं, आणि त्या कोपऱ्यातलं नाव दादापेक्षा त्यालाच जास्त हवं होतं. सूर्य वर चढला. खडक तापला. खांबाचे पाय थरथरायला लागले, तरी सावली हलली नाही. मी तरी काय करणार? मला तोंड नव्हतं. आणि मग आयुष्यात पहिल्यांदा यंत्रावरची सावली ढळली. खांब उभ्याचा आडवा झाला.

काटकोनाने वळून पाहिलं. "खांबा! अरे खांबा!" खांबाचे डोळे पांढरे झाले होते. ओठ कोरडे पडले होते, अंग भट्टीसारखं तापलं होतं. काटकोनाने एकदा यंत्राकडे पाहिलं. बुडबुडा उन्हाकडे निघाला होता. समोर दोन्ही डोंगरांवरून कवडसे लुकलुकत होते. अर्धं काम झालं होतं, अर्धं राहिलं होतं. तो क्षणभरच थांबला असेल. मग त्याने मला उचललं आणि खांबावर धरलं.

"पळू दे तो बुडबुडा," तो स्वतःशीच म्हणाला.

मित्रांनो, मी नियमात वाढलेली छत्री. यंत्र उघडं पडलेलं बघून माझा जीव कासावीस झाला. पण खाली पाहिलं आणि तो आडवा पडलेला धिप्पाड माणूस पहिल्यांदाच माझ्या सावलीत दिसला. तेव्हा मला कळलं की आपल्याला कशासाठी केलं आहे हे आपल्याला नीट ठाऊकच नव्हतं. मी अंग ताणून जमेल तेवढी पसरले.

दिवसभर काटकोनाने मला सोडलं नाही. एका हाताने मला धरायचा, दुसऱ्या हाताने खांबाच्या कपाळावर, छातीवर ओलं फडकं फिरवायचा. पिण्याचं पाणी होतं ते सगळं त्याने खांबासाठी वापरलं. दात घट्ट मिटलेल्या माणसाला पाजता येईना, म्हणून ओठांना नुसता ओलावा लावत राहिला. स्वतःच्या टोपीने वारा घातला. मध्ये मध्ये बोलतही राहिला. "खांबा, तुझी मुलगी वाट बघतेय बरं. तिला काय सांगू मी? उठ की लेका. एवढ्यात झोपतात का?" सूर्य सरकेल तसा तो सरकत होता, थेट खांबासारखा. समोरचे कवडसे बराच वेळ चमकत राहिले. मग धुळीने पुन्हा सगळं झाकलं आणि ते दिसेनासे झाले.

उन्हं कलली तेव्हा खांबाने डोळे उघडले. वर मला पाहिलं, बाजूला उघड्यावर उभं यंत्र पाहिलं आणि तो धडपडून उठायला लागला. "दादा, अहो यंत्रावर ऊन..."

"गप पड," काटकोन म्हणाला. "एक दिवस लागलं त्या सवतीला ऊन तर मरत नाही ती."

संध्याकाळी माणसं वर आली. त्यांनी खांबाला खाली नेलं. दुसऱ्या दिवशी पाऊस आला आणि मोसम संपला.

साहेबाच्या तंबूत काटकोन ताठ उभा राहिला. मी कोपऱ्यात होते. साहेबाने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "दोघांना एकाच छत्रीखाली का नाही ठेवलंत?"

"यंत्राच्या पायाशी तडफडणारा माणूस ठेवला तर यंत्र हलतं, साहेब. आणि मला हात दोनच आहेत."

साहेब जरा हसला. मग त्याने कागद पुढे ओढला. "हे बघा. दोन डोंगरांवरचे कोन तुम्ही मोजलेले आहेत. दोन काटकोनांतून ते वजा करा, तिसरा आपोआप येईल. शाळेतलं पोर करेल. लिहून टाका आणि नाव लावा."

मी श्वास रोखला. खरंच, किती सोपं होतं! कोणाला कळलं नसतं. त्या डोंगरावर तपासायला कोण जाणार होतं? काटकोनाने लेखणी उचलली, तशीच हातात धरली आणि परत ठेवून दिली.

"साहेब, दोघांची साक्ष घेतली म्हणून तिसऱ्याची साक्ष मीच कशी लिहू? पहिल्या दोघांत चूक असेल तर ती कशी सापडणार?"

"चूक नाहीये. तुमची कधी नसते."

"मग मोजल्यावर कळेलच की."

साहेब चिडला. काम पुढच्या मोसमावर गेलं तर दिलेला शब्द संपला असं त्याने बजावलं. उशीर झाला तर वरचे लोक ऐकणार नाहीत, नकाशावर मग खात्याच्या प्रमुखाचंच नाव जाईल, असंही सांगितलं. काटकोनाने मान डोलावली आणि तो बाहेर पडला. नकाशाच्या कच्च्या कागदावर त्याने तेवढी एक जागा कोरी सोडली होती.

घरी त्याने बायकोला फक्त एवढंच सांगितलं, "यंदा राहिलं." तिने खिळ्याकडे पाहिलं. खांबाचं सगळं तिला आधीच कळलं होतं, खांबाची बायको येऊन रडून गेली होती. ती म्हणाली, "राहू दे. हात धुवा, पान वाढलंय." त्यानंतर तिने रोज भिंत पुसली, पण खिळा काढला नाही.

पावसाळा सरला तसे आम्ही त्या डोंगरावर पुन्हा गेलो. खांब आता खणखणीत बरा होता. त्याने मला धरलं, कवडसे चमकले, काटकोनाने कोन मोजला. एकदा मोजला, पुन्हा मोजला. खाली येऊन साहेबापुढे ठेवला. साहेबाने आपला जुना कागद काढला, त्याच्यावर वजाबाकी करून ठेवलेली होतीच. दोन्ही ताडून पाहिलं आणि तो खुर्चीत मागे रेलला.

"मोजणीदार, हा तर तोच आकडा आहे. जो मी गेल्या वर्षी सांगत होतो. तंतोतंत."

"होय साहेब."

"मग काय मिळवलंत तुम्ही? वर्ष गेलं, नाव गेलं."

"गेल्या वर्षी तो आपल्याला वाटत होता, साहेब. आता तो माहीत आहे."

साहेबाने आपला कागद मिटला. मग उठून उभा राहिला. आपल्या हाताखालच्या माणसासाठी त्याला उभं राहिलेलं मी तेव्हा एकदाच पाहिलं.

एक काम मात्र बाकी होतं. त्या डोंगराला नाव नव्हतं. काटकोन नियमाप्रमाणे पायथ्याच्या वस्तीत गेला. विहिरीवर एक बाई पाणी शेंदत होती, तिला विचारलं. ती म्हणाली, "तो होय? तो छत्रीचा डोंगर."

काटकोन गोंधळला. "असं कधीपासून म्हणतात?"

"गेल्या उन्हाळ्यापासून. आधी नुसता डोंगरच होता. मग एक दिवस वर कोणीतरी माणूस पांढरी छत्री धरून उभा राहिलेला दिसला. सकाळी बघावं तर उभा, दुपारी बघावं तर उभा. आम्ही म्हटलं, एवढ्या उन्हात स्वतः बाहेर उभा आहे, तर छत्रीखाली आहे तरी कोण? राजाबिजा आहे की काय! मग खाली आणलेला माणूस बघितला. राजा कसला, आमच्यासारखाच होता."

काटकोनाचे कान लाल झाले. तो पुढच्या घरी गेला, त्याच्या पुढच्या घरी गेला. सगळीकडे तेच उत्तर. परत येताना तो खांबाला म्हणाला, "हे कसं लिहायचं रे? स्वतःच स्वतःची पाठ थोपटल्यासारखं होतंय."

खांब म्हणाला, "दादा, नियम म्हणजे नियम. तिथली माणसं म्हणतील तेच लिहायचं. तुमचंच वाक्य आहे." आणि त्याने मला खांद्यावर टाकलं आणि तो शीळ घालत पुढे निघाला. खांबाला शीळ घालता येते हे मला तोवर ठाऊक नव्हतं.

पुढे तो नकाशा छापून आला. साहेबाने एक प्रत काटकोनाला घरी पाठवली. बायकोने हात पुसून तो उलगडला. नकाशावरची अक्षरं राज्यकर्त्यांच्या लिपीतली, ती तिला वाचता येत नव्हती. तिने सरळ कोपऱ्यातल्या बारीक अक्षरांवर बोट ठेवलं आणि विचारलं, "हे तुमचं नाव ना?"

काटकोन नुसता "हो" म्हणाला असता तरी चाललं असतं. तिला कधीच कळलं नसतं. तो म्हणाला, "नाही. ते मोठ्या साहेबांचं."

"मग तुमचं कुठंय?"

त्याने तिचं बोट हातात धरलं आणि कागदाच्या मधोमध, एका लहानशा डोंगरावर आणून ठेवलं. "इथे लिहिलंय, छत्रीचा डोंगर."

ती बराच वेळ त्या अक्षरांकडे बघत राहिली. न वाचता येणारी अक्षरं तिला त्या दिवशी वाचता आली. मग पदर डोळ्यांना लावून म्हणाली, "म्हणजे जिला मी एवढी बोलत होते तीच ना?" आणि तिने नकाशा त्या खिळ्यावर टांगला.

त्यानंतरही काटकोन कितीतरी डोंगर चढला. केस पिकले, उन्हाकडे पाहून पाहून डोळे अधू झाले, पण पाठ शेवटपर्यंत ताठच होती. नोकरीच्या शेवटच्या दिवशी त्याने यंत्र पुसून कपाटात ठेवलं, मला मिटून त्याच्याशेजारी उभं केलं आणि तो कचेरीच्या पायऱ्या उतरला. भर दुपार होती. तेवढ्यात मागून धप धप पावलं वाजली. म्हाताऱ्या खांबाने मला कपाटातून काढलं होतं. कारकून ओरडत होता, "अरे, ती यंत्राची आहे! सरकारी आहे!" खांबाने लक्षच दिलं नाही. त्याने मला उघडलं आणि काटकोनाच्या डोक्यावर धरलं.

"खांबा, हे नियमात नाही बसत."

"माहीत आहे, दादा. चला."

तेवढी एकदाच मी त्याच्यावर सावली धरली. कचेरीपासून त्याच्या घराच्या ओसरीपर्यंत. ओसरीवर बायको उभी होती. तिने नुसता माझ्या कापडावरून हात फिरवला.

आता मी म्हातारी झाले आहे. एक काडी मोडली आहे, अस्तर विरलं आहे, पांढऱ्या कापडावर अजून तिचे बारीक टाके आहेत. मित्रांनो, कधी या कचेरीत आलात तर कपाटातलं यंत्र जरूर बघा, ते फार गुणाचं आहे. पण मग खिडकीकडेही या. मला फटीतून अलगद काढा, कोणाला तरी सांगून माझी काडी दुरुस्त करून घ्या आणि एकदा उन्हात उघडा. तुमच्या आजूबाजूला राबून राबून वाकलेल्या अशा कितीतरी वस्तू आणि कितीतरी माणसं असतील, त्यांनाही जपा.

आणि एक सांगते. हातात कितीही मोलाचं काम असो, शेजारचा माणूस उन्हाने कोसळला तर छत्री त्याच्यावर धरा. सरकलेला बुडबुडा पुन्हा मधोमध आणता येतो. मी तो आणताना पाहिला आहे, त्याच डोंगरावर, आणि छत्री धरायला तेव्हा खांब उभा होता.